बारा कोसांची मोटार

भायखळा, मुंबई
भाद्रपद शुद्ध ९, शके १८३५

भिवराअक्काच्या पायांवर आश्रुबाचं डोकं.

मास्तर हे पत्र वाचायला लागले की आधी खाली बस, मग ऐक. मला घरी यायची वाट सापडली आहे. चार दिवसांची नाही, कायमची.

आमच्या कारखान्यात एका पारशी शेटची विजेची मोटार दुरुस्तीला यायची. चार वर्षं तिला मीच सांभाळली. आवाज नाही, धूर नाही, नुसती घरंगळत जाते. गेल्या महिन्यात आपले शिरूरकडचे राधाकिशनराव देशमुख मुंबईला आले, त्यांनी ती बघितली आणि विकत घेतली. गाडीसोबत मलाही मागून घेतलं. मी धनगराचा, त्यांच्या गावापासून दीड कोसावरचा, हे कळल्यावर तर फारच खूश झाले.

आता खरी गोष्ट. सरकारांचा, म्हणजे देशमुखांचा, एक बंगला हैदराबादेत आहे, तिथं वीजघर आहे. गावात वीज कुठली? मला म्हणाले, "आश्रुबा, नगरच्या ठेसनापासून माझ्या दारापर्यंत गाडी आपल्या पायांनी आली, कुठं बैल जुंपावा लागला नाही, तर गाडी गावात राहील आणि तूही गावातच राहा. नाहीतर दोघंही हैदराबादला." नगर ते त्यांचं दार चौतीस कोस. आणि गाडी एकदा वीज भरली की बारा कोस चालते, मग जागेवर बसते.

पण माझ्या डोक्यात एक इलाज आहे. तो जमला की लिहितो. तोवर तू एक काम कर. गाडीत बॅटरीच्या बरण्या असतात, त्यांतलं पाणी आटत जातं, वरून भरावं लागतं. विहिरीचं चालत नाही, त्यात चुना असतो. आभाळातून थेट भांड्यात पडलेलं पाहिजे. हस्ताचा पाऊस आला तर मातीच्या दोन घागरी भरून झाकून ठेव.

तुझा,
आश्रुबा


आष्टी, बाजाराचा दिवस
आश्विन शुद्ध १२

आश्रुबाला अक्काचा आशीर्वाद.

बद्रीनाथ मास्तर म्हनतेत, तू बोल, मी बोलशील तसंच लिवतो. म्हंजी शिव्या बी येतील, ऐकून घे. मुंबैला जाऊन आठ वर्सं झाली तुला, आन् लिवतूस कसा तर बामनावानी! "वाट सापडली आहे" म्हनं. आमच्यात "हाय" म्हनतेत, इसरलास का रं?

पत्र ऐकून मी खरंच खाली बसले. मास्तरांनी पानी दिलं प्यायला. पुन्यांदा वाचा म्हनलं, तर म्हनले, भिवराबाई, बाजार उठायला लागला. तरी वाचलं बिचाऱ्यांनी.

तुझे दाजी पिलेगात गेले, त्याला आता पाच वर्सं झाली. शंभर मेंढरं, एक तट्टू, एक कुत्रं आन् मी. ह्या गावच्या रानात धा दिस, त्या गावच्या रानात आठ दिस. दिसभर मेंढरांशीच बोलते. परवा शेतकऱ्यानं इचारलं, बाई, कुनाशी भांडायलीस? लाजच वाटली. तू दीड कोसावर ऱ्हायला आलास तर मला अजून काय पायजे? सांजच्याला भाकर खायला यायचं आन् मला शिव्या देऊन जायचं, येवढंच कर.

हस्त बरा पडला. उघड्यावर घागरी मांडून बसले व्हते. बायका हसायल्या, म्हनल्या, हिला विहीर दिसंना का. दोन न्हाई, तीन घागरी भरल्यात. गाडी पानी पिती हे ऐकून मला ती आपली वाटाय लागली.

बारा कोसांची गाडी चौतीस कोस कशी आननार, ते नीट लिव. फसवू नको.

अक्का


भायखळा, मुंबई
कार्तिक वद्य २

अक्का, दंडवत.

जमलं! कसं जमलं ते मास्तरांना सावकाश वाचायला सांग.

मामाच्या विहिरीवरची मोट आठव. मोट एका वेळी थोडंच पाणी देते, पण दिवसभर चालते आणि हौद भरत राहतो. गाडीच्या बरण्या म्हणजे हौद. आजवर हौद मुंबईत भरायचा आणि रिकामा होईपर्यंत पळायचं, एवढंच होतं. मी काय केलं, तर मोटच गाडीवर बसवली.

एका छापखान्यानं टाकून दिलेलं छोटं इंजिन मिळालं. चिमणीत घालतो त्या रॉकेलवर चालतं. त्याच्या जिवावर गाडी ओढायला गेलं तर पहिल्याच चढाला बसकण मारील. म्हणून त्याला चाकांशी जोडलंच नाही. ते फक्त डायनामो फिरवतं, आणि डायनामो वीज पैदा करून बरण्यांत सोडतो. सपाट रस्त्याला गाडी थोडी वीज खाते, उरलेली बरण्यांत साठते. चढ आला की साठवलेली आणि नवी, दोन्ही चाकांना लागतात. गाडी थांबली तरी इंजिन चालूच ठेवायचं, म्हणजे सगळीच वीज आत. परवा ठाण्याला जाऊन परत आलो, अठरा कोस, आणि बरण्या अजून निम्म्या भरलेल्या! कारखान्यातले तोंडात बोट घालून उभे.

सरकार जरा नाराज आहेत. मागची बैठक काढून तिथं इंजिन बसवावं लागलं. म्हणाले, "मी गाडी मुकी म्हणून घेतली, तू तिला बोलती केलीस." पण शब्द मोडणार नाहीत.

मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला नगरला उतरतो. आष्टीच्या पुढं दोन कोसांवर, शिरूरच्या वाटेला, रस्त्याला लागून एखादं रान धर आणि मेंढरं तिथं बसव. तिथवर बावीस कोस होतील, पुढं बारा उरतील, त्यांत चढ आहेत. म्हणून तिथं सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत थांबून बरण्या भरून घेणार. सोबत सरकारांचा माणूस रामकिसन आहे. मी कदाचित झोपेन. बरण्यांची झाकणं उघडी असतील, आतून बुडबुडे येतील, भिऊ नको. पाणी खाली गेलेलं दिसलं तर तुझ्या घागरीतलं ओत. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नको.

आश्रुबा


आष्टी
कार्तिक वद्य १२

आश्रुबा,

साखराबाई म्हनून वळखीची बाई हाय, तिच्या मालकाचं रान धरलं, अगदी रस्त्याला लागून. मेंढरं बसली की लेंडीखत त्याला मिळतं, आमाला जवारी मिळती. म्हनला, चार दिसांनी पुढच्या रानात जा. म्हनलं, माझा भाऊ येईस्तवर हलनार न्हाई, पायजे तर जवारी देऊ नको. घागरी सावलीत हायेत. तुझ्यासाठी घोंगडं इनलंय.

मोटंचं समजलं. मास्तरांना न्हाई समजलं, मीच समजावून सांगितलं.

ये लवकर.

अक्का


आष्टी
पौष शुद्ध १०

आश्रुबाला अक्काचा आशीर्वाद.

महिना व्हऊन गेला, तुझा एक कागूद न्हाई. दर बाजाराला मास्तरांकडं जाते, ते दुरूनच मान हलवतेत.

लोक म्हनतेत माझ्यापास्नं गेल्यावर गाडी पाच कोसांवर चढाला बंद पडली, मग बैल जुंपून नेली. देशमुखाच्या दारात पाहुने जमले व्हते, ते समदे हसले. आन् दुसऱ्याच दिशी तुला गाडीसंगं हैदराबादला धाडलं. जाताना मला तोंड बी दाखवलं न्हाईस. कावून रं? मी काय तुला बोलनार व्हते?

मला कळंना झालंय की त्या गाडीला झालं तरी काय. सकाळी किती बेस आली व्हती! फट फट करत आली तर कुत्रं तट्टाच्या पोटाखाली घुसलं. दोन दिस तुझ्या डोळ्याला डोळा नव्हता, भाकर खाता खाता बाभळीखाली आडवा झालास. रामकिसन रॉकेल आनायला आष्टीला गेलता. मी एकलीच बसले व्हते गाडीपाशी, पंखा घिऊन. बरण्यांतून बुडबुडे यायले, जनू दमलेल्या मेंढीला धाप लागली. पानी खाली गेल्यालं दिसलं. तू सांगितलंस तसं पावसाचंच ओतलं, विहिरीचा थेंब न्हाई. बावीस कोस चालून आलेलं जितराब, म्हनून घागरीत दोन मुठी मीठ बी कालवलं. लांबून आलेल्या मेंढराला आपन देतोच की. मीठ पोटात गेलं की ते उठून उभं ऱ्हातंय, तुला ठावं हाय. काय कमी केलं मी तिला?

त्याच्यामागं लई उग्र वास सुटला, मला ठसका लागला. तू उठलास, तहान लागली म्हनून घागर तोंडाला लावलीस आन् माझ्याकडं बघतच बसलास. मी म्हनलं, काय झालं? तू म्हनलास, काय न्हाई अक्का, भाकर दे अजून एक.

घोंगडं बी इसरून गेलास. कागूद धाड.

अक्का


हैदराबाद
माघ शुद्ध ६

अक्का, दंडवत.

उशीर झाला, रागावू नको. इथं आल्यापासून काम फार.

गाडीला झालं ते असं, की डायनामोची एक तार आतल्या आत तुटली. खड्ड्यांचा रस्ता, दुसरं काही नाही. बरण्यांत वीज जाणंच बंद झालं, मग चढाला ती काय करणार? तुझ्या पाण्याचा काही संबंध नाही. उलट मिठानं बरंच झालं, नाहीतर ती पाच कोससुद्धा गेली नसती. तू मनाला लावून घेऊ नको.

हैदराबाद फार मोठं शहर आहे. सरकारांच्या बंगल्यात बटण दाबलं की उजेड होतो. मला राहायला खोली दिली आहे. बाकीचे नोकर मनमिळाऊ आहेत, एकत्र जेवतो, हसतो खेळतो. सरकार एखाद्या वर्षानं गावी पाठवतीलही. तू तब्येतीला जप.

आश्रुबा


आष्टी
फाल्गुन शुद्ध ८

आश्रुबा,

ह्या बारीला आशीर्वाद मागून. आधी मी बोलते.

देशमुखाचा रामकिसन तुपाचे डबे घिऊन हैदराबादला गेलता ना? गेल्या बाजाराला भेटला. मी इचारलं, आमच्या आश्रुबाची तार कशी तुटली रं? तर म्हनला, कसली तार? बरण्या फोडून बघितल्या, आतले पत्रे खाल्ले गेलेत. तिथल्या जानकार मानसानं सांगितलं, पान्यात मीठ व्हतं. सरकारांनी इचारलं मीठ कुनी घातलं, तर तुझ्या भावानं सांगितलं, मी घातलं, माझी चूक. सरकारांनी तसं लिवून घेतलं आन् त्याचा आंगठा न्हाई, सही घेतली.

मी बाजार तिथंच टाकला.

तशीच चालत निघाले आन् दुसऱ्या दिशी देशमुखाच्या घरी पोचले. देशमुख आठ दिसांसाठी गावी आलते. समद्यांच्या देखत सांगितलं, माझ्या भावानं न्हाई, म्या घातलं मीठ. मेंढराला देतो तसं दिलं. मला काय करायचं ते करा, त्याला घरी आना. आन् ते हसले रं! म्हनले, भावाला सोडवायला बहीन आली, शाबास. जा बाई, घरी जा. आश्रुबा, मी खरं बोलले तर कुनी खरं मानलं न्हाई, आन् तू खोटं बोललास तर त्याच्यावर सही घेतली.

मला गाडीचं काय न्हाई. लोखंडाची हाय, व्हईल नीट. पन तू मला तार तुटली म्हनून लिवलंस. मीठ घातलं म्हनून पाच कोस तरी गेली, असं लिवलंस. आन् मी येडी, चार बायकांना सांगत फिरले की माझ्या मिठानं गाडी पाच कोस गेली!

तवापास्नं एकच इचार डोक्यात हाय. आठ वर्सं तुझे कागूद येतेत. मुंबैत दोस्त लई, खानावळवाली मायेची, मालक भावासारखा. हैदराबादेत हसतो खेळतो. ह्यातलं खरं किती रं? मी रानात एकली बसले की म्हनायची, जाऊ दे, माझा भाऊ तरी सुखात हाय. त्याच्यावर माझे दिस गेले. आता ते बी राहिलं न्हाई.

एक कागूद खरा लिव. एकच. न्हाई तर लिवूच नको.

मास्तरांचे डोळे भरले, म्हनून इथंच थांबते. आशीर्वाद हायच.

अक्का


हैदराबाद
फाल्गुन वद्य ३

अक्का,

तू म्हनलीस म्हनून खरं लिवतो. मास्तरांनी वाचताना काय गाळू नये.

मला त्याच वेळी कळलं व्हतं. घागर तोंडाला लावली आन् पानी खारट लागलं. तवाच्या तवा इंजिन बंद करून बरण्या रिकाम्या केल्या असत्या, धुवून घेतल्या असत्या, तर काही वाचल्या असत्या. पन मग तुला सांगावं लागलं असतं. तू चुलीपाशी बसून किती खुशीत भाकरी थापत व्हतीस! आठ वर्सांनी तुझं त्वांड बघितलं व्हतं. माझ्यानं बोलवलं न्हाई. म्हनलं, जाईल कशी तरी बारा कोस, देवाला काळजी. तशीच गाडी काढली. म्हंजी चूक माझीच हाय, मी सही खोटी केली न्हाई. बरण्यांत पान्याबिगर काहीच टाकू नको, हे तुला लिवायला मीच इसरलो व्हतो.

आन् दुसरं. मुंबैत माझा एक बी दोस्त नव्हता. कारखान्यात मला नावानं कुनी हाक मारली न्हाई, धनगर म्हनायचे. खानावळवालीला मी कोन ते शेवटपर्यंत ठावं नव्हतं. गाडीखाली निजायचो. ती विजेची मोटार चार वर्सं सांभाळली ती येवढ्यासाठी, की तिच्यापाशी गप बसलं तरी चालायचं. इथं खोली न्हाई, गाडीखान्यात खाट हाय. बाकीचे समदे उर्दूत बोलतेत, मला कामापुरती येती. आमी एकत्र जेवत न्हाई.

गाडीला नवीन पत्रे बसवले. रोज बंगला ते कचेरी, दीड कोस जाती, दीड कोस येती, सांजच्याला वीजघराची वीज भरून घेती. माझं इंजिन काढून टाकलं. सरकारांना आवाज नको. आता ते बागेत पानी उपसतंय.

सरकारांनी पाच वर्सांचा करार केलाय. गावी जायचं नाव काढायचं न्हाई, असं त्यात लिवलंय.

मला घरी यायचंय, अक्का. मला लई घरी यायचंय.

आश्रुबा


परळी वैजनाथ
चैत्र वद्य २, शके १८३६

आश्रुबाला अक्काचा आशीर्वाद.

हे बद्रीनाथ मास्तरांचं अक्षर न्हाई, घाबरू नको. इथले एक दुकानदार हायेत, आप्पा म्हनतेत त्यांना, ते लिवतेत.

तुझा कागूद मास्तरांनी दोनदा वाचला. दुसऱ्या बारीला त्यांना नीट वाचता येईना. दुसऱ्या दिशी उजाडल्याबरोबर मी मेंढरं उठवली आन् आपल्या वाटंनं न्यायच्या ऐवजी उगवतीकडं हाकली. लोक म्हनले, भिवराबाई, यंदा हिकडं कुठं? म्हनलं, भावाकडं.

इचार केला व्हता, मेंढराला काय वीज भरावी लागत न्हाई, रॉकेल लागत न्हाई. रोज दोन कोस चाललं तरी कवा तरी पोचलच की. तुझ्या देशमुखाच्या दारात शंभर मेंढरं बसवते, मग हसू दे त्याला. बीडवरनं आले, घाट उतरले, चाळीस कोस आले. वाटंत सात मेंढ्या व्याल्या, कोकरं तट्टावर जाळ्यात घालून आनली.

इथं येऊन इचारलं, हैदराबाद अजून किती? आप्पा म्हनले, शंभराच्या वर कोस. म्हनले, बाई, चैताचं ऊन हाय, पुढं नाले आटलेत, वळखीचं रान न्हाई, कुनी मेंढरं बसवू द्यायचं न्हाई. काल मी एकलीच तीन कोस पुढं जाऊन बघून आले. खरंच पानी न्हाई. दोन कोकरं मेली. मेंढ्यांचं दूध आटायलंय. इथं कुनाच्या हवाली करून एकलीच येईन म्हनलं, तर कुनाच्या करू? तुझे दाजी असते तर गोष्ट येगळी व्हती.

मला तुझ्यापतूर येता येत न्हाई, आश्रुबा. लई बघितलं करून.

तुझा कागूद माझ्या कनवटीला हाय. खरं लिवलंस, बरं केलंस. आता दर बारीला खरंच लिव. रडू आलं तर रडू आलं म्हनून लिव, मी बी लिवीन. घोंगडं आप्पांपाशी ठेवते, हैदराबादला जानारा यापारी भेटला की धाडतील. पाच वर्सांचं काय, जातील.

आज माघारी फिरायचं व्हतं. पन मेंढरं इथंच बसवलीत, अजून एक दिस थांबते. तुझ्या येवढी जवळ मी पुन्यांदा कवा येईन?

अक्का